सलाईनच्या दांड्याचा पहारा

देवावर माझा विश्वास होता, पण वीणेचा पहारा मी त्याच्यावरही सोपवायला तयार नव्हतो. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या गावात सप्ताहाची वीणा सात दिवस खाली टेकत नाही. तासभर उभ्याने पहारा झाला की एकाने ती दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, एकमेकांच्या पाया पडायचं. मी मात्र बदलीचा माणूस आला तरी "राहू द्या" म्हणत तीन-तीन तास उभा. लोक त्याला मास्तरांची भक्ती म्हणत; खरं तर ती मिरवायची हौस होती.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. श्रीरामपूरला माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. दुपारी डोळे उघडले ते भुलीच्या अमलातच. पुढचं हिने सांगितलेलं आहे, आणि हिने मीठमसाला कमी घातला नसणार. मी म्हणे सुई उपसली, सलाईनचा लोखंडी दांडा छातीशी धरला आणि पहाऱ्याला उभा राहिलो. डॉक्टरांना टाळ घेऊन रांगेत उभं राहायला फर्मावलं. खुद्द हिला म्हणालो, "बाई, चपला बाहेर काढा."

"अवो, मी हाय. वळखलं न्हाई का?" ही रडायला लागली.

डॉक्टर म्हणाले, भूल उतरेल, पण तोवर टाके तुटले तर पुन्हा टेबलावर घ्यावं लागेल. दोघं वॉर्डबॉय दांडा ओढू लागले तशी माझी मिठी घट्ट झाली.

मला स्वतःला आठवतं ते एवढंच. समोरच्या खाटेवरचा म्हातारा उठून आला. गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. त्याने माझ्या पायांना हात लावला.

"महाराज, तुमचा पहारा झाला. आता माझी पाळी हाय. द्या."

मी दिला. पाया पडायला वाकणार, तोच त्याने खांदा धरला. "वाकू नका. उभ्यानं पोचतं त्याला."

मला झोप लागेपर्यंत तो आजारी माणूस दांडा धरून उभा होता म्हणे. संध्याकाळी जागा झालो आणि हिला विचारलं, "तू जेवलीस का?" ही पुन्हा रडली, पण या खेपेला हसत. म्हातारा मात्र सुट्टी मिळून घरी गेला होता. आमची रीत त्याला कुणी शिकवली, ते विचारायचं राहूनच गेलं.

पुढच्या सप्ताहात तास भरला, बदली आला, आणि मी लगेच वीणा त्याच्या गळ्यात घातली. ऑपरेशनने मास्तर खचले, अशी कुजबुज झाली. मी मांडवाच्या कडेला टेकून ऐकत बसलो. माझ्यावाचून वीणा वाजत होती, आणि इतकं जिंकल्यासारखं मला जन्मात वाटलं नव्हतं.