पिवळं तेवढं ठेव

माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या तळवली गावात सगळ्यांना ठाऊक आहे. मुलीच्या लग्नाचा अल्बम बघायला गेलो त्या दिवशी तर ते नेरूळच्या स्टुडिओत, चार गिऱ्हाइकांसमोर तापलं. अल्बम बनवणारी बाई रायगडच्या किनाऱ्यावरच्या कोकणी मुसलमान घरातली, चाळिशीची, एकटीनं दुकान सांभाळणारी. तिनं काय करून ठेवलं होतं? मंडप, पाहुणे, नवरदेव, सगळं काळं-पांढरं आणि फक्त पोरीची साडी लालभडक. वर चारी बाजूंनी फुलापानांची चौकट, कोपऱ्यात पत्त्यातले असतात तसे बदाम.

"अहो ताई, एवढ्या हौसेनं रोषणाई केली ती पुसून टाकायला? आणि ते बदाम काढा आधी. लग्नाचा अल्बम आहे का बिस्किटाचा डबा?"

"काढते ना काका. टेन्शन नका घेऊ," ती म्हणाली, आणि आठवड्याभरात साधा, सरळ, सगळ्या रंगांचा अल्बम हातात दिला.

तो मी घरी आणून बायकोच्या मांडीवर ठेवला. ती पानं उलटू लागली. "मस्त हाय. पोर काय गोड दिसते!" मी चहा घेऊन मागून आलो आणि बघतो तर अल्बम उलटा. पाहुणे डोक्यावर उभे, आणि ही गोड दिसते म्हणतेय.

मी ओरडलो नाही. खाली तिच्याशेजारी बसलो आणि विचारलं, कधीपासून? लग्नाच्या आधीपासून, म्हणाली. समोर बघायला गेलं की मधोमध धुरकट, कडेकडेचं तेवढं दिसतं.

"तुमाला सांगितलं असतं तर लग्न सोडून डॉक्टर धरला असता," ती म्हणाली. "पन पोरीला हलदीत मी बघितलंच नाय हो. नुसता गोंगाट ऐकला." एवढं बोलून ती रडली, आणि मीही रडलो. डॉक्टरनं सांगितलं, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती सांभाळू. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली. बायकोला हवं होतं एकच. पोरीला एकदा हळदीत बघायचं.

मग काय, मान खाली घालून त्याच दुकानात गेलो. ताईला सगळं सांगितलं आणि म्हणालो, मी काढायला लावलं तेच परत करून द्या. गर्दीत तिला पोर सापडत नाही. दुसरी एखादी असती तर मागचं काढून टोमणा मारला असता. हिनं आधी स्टूल पुढं सरकवलं.

तिनं तोच लाल साडीचा फोटो मोठा करून दिला. घरी बायकोनं मान तिरकी करून, डोळ्याच्या कडेनं खूप वेळ बघितला. "लग्नात काली साडी कोन नेसलंय?" तिला लाल काळंच दिसत होतं. मी फोटो गुंडाळून परत नेरूळ गाठलं.

ताईनं कपाळाला हात लावला नाही. "काकींना घरात कुठली वस्तू पटकन सापडते?" तिनं विचारलं. मी डोकं खाजवलं. मोरीतली पिवळी बादली! ती कुठंही ठेवा, हिचा हात बरोबर तिथं जातो.

"मग हळदीचाच फोटो घेऊया," ती खुशीत म्हणाली. तिनं कॉम्प्युटरला सांगितलं, पिवळं तेवढं ठेव, बाकीचा रंग काढ. बटण दाबलं आणि आम्ही दोघंही हसत सुटलो. आमच्या आगऱ्यांची हळद ती! नवरीला लावून उरेल ती सगळ्या गावाच्या तोंडाला. पिवळं ठेव म्हटल्यावर माझे दोन्ही भाऊ, त्यांच्या बायका, बेंजोवाले, झेंडूच्या माळा, मंडपाचं कापड, आचारीसुद्धा, सगळे जसेच्या तसे उरले. कॉम्प्युटरला आमची पोर कोण आणि आचारी कोण, काय कळणार?

"हातानंच करावं लागेल," ती म्हणाली.

पुढचे तीन दिवस दुपारी मी तिथं जाऊन बसायचो, आणि खरं सांगतो, असं काम मी कंपनीतल्या तीस वर्षांत बघितलं नाही. फोटो इतका मोठा करायची की पडद्यावर नुसता एक कान दिसे. मग माउसनं त्या कानाच्या कडेकडेनं बारीक ब्रश फिरवत मागचा रंग पुसायची. तांदळातले खडे वेचावेत तसे कपाळावरचे केस एकेक करून सोडवले. मध्येच थांबून म्हणाली, "काका, गालावर हे हात कोणाचे?"

"माझ्या बहिणींचे."

"मग ते मनगटापर्यंत रंगीत ठेवते. नाहीतर गालाला भोकं पडल्यासारखं दिसेल. हळद कोणाच्या तरी हातानंच लागते ना." मला हे सात जन्मात सुचलं नसतं.

शेवटी तिनं भोवती जाड काळी चौकट घातली, आत पिवळी रेघ. माझं तोंड बघून हसली. "बदाम नाहीयेत, घाबरू नका. फोटो कुठं सुरू होतो ते काकींना कळायला नको?" हिलाच मी चार माणसांत नाही नाही ते बोललो होतो! माफी मागितली तर म्हणते, "जाऊ द्या हो, तुमी काय मुद्दाम बोललात?"

खिडकीएवढा तो फोटो मी घरी भिंतीला टेकवला. बायको जमिनीवर बसली. पिवळ्या रेघेवरून बोट फिरवलं, मान इकडून तिकडून वाकडी केली, आणि एकदम थांबली. "अगो बाय माझी," एवढंच म्हणाली. बोट पोरीच्या हनुवटीवर टेकलं होतं. किती वेळ ते उचललंच नाही.

मग म्हणाली, "हिची मान वललेली हाय. कोनाकडं बघते?"

मी शंभर वेळा तो फोटो बघितला होता, तीन दिवस पडद्यासमोर बसलो होतो, पण हे कधी बघितलं नव्हतं. पोरीच्या नजरेच्या रेषेत सरकत सरकत गेलो. पार कडेला, करड्या गर्दीत, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर एक बाई एकटीच बसली होती. गुडघे दुखतात म्हणून सांगून ती हळदीभर तिथंच बसून राहिली होती. मी तिच्यावर खेकसलोही होतो.

"तुझ्याकडं बघतेय," मी म्हणालो. "तू कडेला बसलीयस."

"मना कुठला रंग हाय?"

"काहीच नाही. करडी आहेस."

तिनं मान सरळ केली. मग फणकाऱ्यानं म्हणाली, "वा रे वा! सगल्या गावाला हलद लागली आनि आईच कोरडी? जा, त्या ताईला सांगा, मना पन लाव."

मी फोटो उचलला आणि तसाच नेरूळला निघालो.