मोजणीचा खटका

आत्याचं काम काय, असं कुणी विचारलं की तिचे वडील गंभीर चेहरा करून सांगत, "लोकांची वाट अडवते." आणि ते अगदीच खोटं नव्हतं. कुठलीही वेबसाइट उघडली की खालून एक चौकट वर येते, तुमची माहिती ठेवू का म्हणून विचारते, आणि माणूस माशी हाकलावी तशी तिला हाकलतो. ती चौकट आत्या बनवायची. घरातल्या भाचरांमुळे ऑफिसातही तिचं नाव आत्याच पडलं होतं.

लोक ती न वाचताच का हाकलतात, हे मात्र तिला छळायचं. म्हणून एका दातांच्या दवाखान्याच्या वेबसाइटसाठी तिनं नवीच चौकट केली. 'सगळं मान्य' हे ढब्बू बटण काढून टाकलं आणि दारातून हाक मारून विचारावं तसं साधं लिहिलं. वेळ ठरवायला एवढी माहिती लागतेच, ती ठेवतो. तुम्ही येऊन गेलात हे मोजू का? जाहिरातवाल्यांना कळवू का? शेवटच्या दोन्हींपुढे एकेक खटका, आणि दोन्ही आधी बंद. ज्याला हवं त्यानं चालू करावं.

आठवड्याभरात साहेबांच्या संगणकाच्या पडद्यावरची, वेबसाइटवर येणारी माणसं मोजणारी रेघ आडवी झोपली. साहेब बोलण्याआधी घसा खाकरून "काय आहे ना" म्हणत, आणि जे काय असेल ते समोरच्याच्या डोक्यावर ठेवत.

"काय आहे ना आत्या, तुमच्या चौकटीनं गिऱ्हाईक पळवलं. उद्या जुनी परत लावा."

लोकांनी मोजणी बंद ठेवली असेल, आत्यानं सांगून पाहिलं. साहेबांनी नुसतं पडद्याकडे बोट केलं. आणि खरं म्हणजे तिलाही खात्री नव्हती. नको म्हणून आत गेलेले आणि कंटाळून परत फिरलेले, दोघेही त्या रेघेत सारखेच गायब. कुणी वेळ घेतली हे दवाखान्यालाच कळे, ऑफिसला नाही. तिनं तिथं फोन केला. स्वागतकक्षातली बाई गाण्याच्या चालीत म्हणाली, "आत्ता नाही हो जमणाआऽर," आणि ठेवलाच.

आत्यानं पर्स उचलली.

दवाखान्यात बसायला जागा नव्हती. गाल धरलेले, गाल सुजलेले, गाल फुगवून रुसलेले, सगळे ओळीनं. आत्या भिंतीला टेकून उभी राहिली आणि तिला राहवेना. एकेकाला विचारत सुटली. वेळ वेबसाइटवरून घेतली का? मग ते मोजणीचं काय केलंत? एका ड्रायव्हरनं सुजल्या तोंडानं विचारलं, मला मोजून काय करणार, मी एकच आहे. एका शिक्षिकेनं चौकट पहिल्यांदाच अख्खी वाचली होती आणि त्यात शुद्धलेखनाची चूक नव्हती याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं. कोपऱ्यातल्या आजींनी मात्र खटका चालू केला होता.

"का हो आजी?"

"एवढं नीट विचारलं बाई कुणीतरी. नाही कसं म्हणू?"

हे उत्तर आत्याच्या कुठल्याच अंदाजात नव्हतं. ती आजींशेजारी उकिडवीच बसली, आणि तिथूनच तिनं साहेबांना बोलावून घेतलं.

साहेब आले, गर्दी पाहिली, पण हार मानतील तर साहेब कसले. एवढी माणसं या चौकटीतून आत आलीच कशी, हे बघायला त्यांनी स्वतःचा फोन काढला. चौकट वर आली. साहेबांनी चष्मा कपाळावर ढकलून ती शेवटपर्यंत वाचली. मोजणीच्या खटक्यावर अंगठा नेला, घुटमळले, आणि तो तसाच बंद ठेवून पुढे गेले.

मग आवाज खाली आणून म्हणाले, "काय आहे ना, बंद ठेवल्यावर हे खरंच मोजत नाही ना?"

"नाही, साहेब."

"नक्की?"

"त्यावरूनच तर सकाळी चिडला होतात."

साहेबांनी घसा खाकरला. मग म्हणाले, "राहू द्या ही," आणि दाराकडे वळले. आत्या आणखी कुणी खटका चालू केलाय का ते विचारायला पुढच्या खुर्चीकडे गेली.