खळ्यातला शनी

शनीचं कडं दर पंधराएक वर्षांनी आपल्याकडे कड करून उभं राहतं. ताट डोळ्यांच्या रेषेत आडवं धरलं की नुसती त्याची किनार दिसते, तसं. यंदा ते होणार होतं. गेली सहा वर्षं मी दिवाळीनंतर शनीचा एक फोटो काढत आले. स्वयंपाकघराच्या भिंतीवर ते ओळीने लावलेत आणि प्रत्येकात कडं आदल्यापेक्षा बारीक आहे. सातवा, नुसत्या रेघेचा, तेवढा राहिला होता.

दुर्बीण मी घरामागच्या खळ्यात लावायचे. भात आता यंत्रावर झोडतात, खळं कुणालाच लागत नाही. तरी मी दरवर्षी जमीन चोपून शेणाने सारवायचे. लोकांना वाटायचं, जुनी रीत सांभाळतेय. रीत वगैरे काही नाही. सारवलेली माती ऊन उतरलं की लवकर निवते. जमीन तापलेली असेल तर वरची हवा हलत राहते आणि ग्रह वाहत्या पाण्यातल्या खड्यासारखा थरथरतो. शेजारच्या रिसॉर्टच्या दिव्यांनी शनीचं काही बिघडत नाही, गरम जमिनीने बिघडतं.

हे मी घरात कधी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले होते, स्टँडचे पाय ओलीत रुततात, तीन फरश्या बसवून द्या.

दसऱ्याला चार दिवस माहेरी गेले. परतले तर अख्खं खळं काँक्रीटचं. खालचं वावर आम्ही ज्यांना विकलं त्या रिसॉर्टवर मिक्सर आला होता, धाकट्या दिरांनी तो इकडेही वळवला.

"आता रुतवून दावा पाय, वहिनी!"

"मी तीन फरश्या म्हणाले होते, भावजी."

"तीन फरश्यांला कोन मिस्त्री येतोय? आन् आपल्या खोल्यांतल्या भाडेकरूंच्या गाड्या बी लागत्याल की हितं."

"हितं शिमिट टाका म्हनून सांगतेय, माझं दहा वर्षं कुनी ऐकलं न्हाई," जाऊ म्हणाली. "तुमच्या दुर्बिनीनं काम केलं बघा, ताई."

दिवाळीनंतर आभाळ स्वच्छ होतं. दुर्बिणीचा आरसा निवावा म्हणून ती उन्हं उतरतानाच बाहेर काढली. साडेसातला काँक्रीटवर अनवाणी उभी राहिले तर तळवे शेकले. ग्रहाचा फोटो एका क्लिकमध्ये निघत नाही. व्हिडिओ घ्यायचा आणि संगणकाने त्यातली हजारो चित्रं चाळून स्पष्ट तेवढी एकावर एक बसवायची. त्या संध्याकाळी दहासुद्धा निघाली नाहीत. दुसऱ्या दिवशी पंधरा बादल्या पाणी ओतलं. वाफ निघाली, काचेवर दव धरलं. दुर्बीण दुसरीकडे हलवावी तर उरलेल्या वावरात भात उभं होतं, पुढे तापलेला डांबरी रस्ता. रात्री उशिरापर्यंत थांबले तरी काँक्रीट निवेना. आठ संध्याकाळी गेल्या.

नवव्या दिवशी दीर बघायला आले. डोळा लावून म्हणाले, "दिसतंय की! जरा हालतंय, पर दिसतंय. झकास."

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार? मागितलं मीच होतं.

पिरंगुटच्या कारखान्यात मी सुटे भाग तपासते. असा नग हातात आला तर नापास मालाच्या लाल पेटीत टाकते. फोटोही पुसून टाकले. यंदाचे रेघेचे दिवस सरले; कडं पुन्हा रेघ होईल तेव्हा मी पासष्टीच्या घरात असेन.

सातव्या फोटोसाठी खिळा आधीच ठोकला होता. जाऊने त्याला भाड्याच्या खोल्यांच्या किल्ल्या अडकवल्या आहेत.