पाठीवरची मूठ

मिसिसिपीच्या काठावरच्या त्या शहरात, काळ्या लोकांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये, पोरं ओडेसा टॉलिव्हरला पाठीमागे 'सिग्नल' म्हणायची. रविवारी पांढरे हातमोजे चढवले की बाईंचं तोंड बंद आणि बोटं सुरू. दोन बोटं वर म्हणजे दोन जागा रिकाम्या. तळवा छातीशी म्हणजे प्रार्थना चाललीय, दारातच थांबा. येणाऱ्यांना जागेवर नेऊन बसवणाऱ्या सेवकांची ही मुकी भाषा तिनं अर्ध्या वस्तीला शिकवली. सगळ्यात आधी आपल्या मुलाला, ट्रेव्हनला.

"मोठ्या माणसापुढं कसं उभं राहायचं?"

डावी मूठ पाठीवर, कण्याला टेकलेली. मान ताठ.

"म्हणजे काय सांगतोस तू त्याला?"

"मी सेवेला हजर आहे. आई, आता जेवू?"

"मूठ घसरलीय. आधी ती वर घे."

एका रविवारी दुपारी चर्चमधून घरी येताना ट्रेव्हनपुढं पोलिसांची गाडी आडवी आली. कुठल्याशा चोराच्या जाकिटाशी त्याचं जाकीट जुळत होतं म्हणे. "सरळ उभा राहा!" शिपाई ओरडला. ट्रेव्हन घाबरला, आणि त्याला जसं सरळ उभं राहता यायचं तसा उभा राहिला. शिपायानं गोळी झाडली. ट्रेव्हन जागीच गेला.

पोलिसांची चौकशी करणारं नागरिकांचं मंडळ बसलं. 'त्याचा हात पाठीमागच्या हत्याराकडे गेला,' असं शिपायाचं म्हणणं. खिशात निघाले ते हातमोजे. हे खोटं पुसलं जावं आणि त्या माणसाची वर्दी उतरावी, ओडेसाला एवढंच हवं होतं.

"बोलायला दोनच मिनिटं देतात गं," ती मैत्रिणीला, मोझेलला, म्हणाली.

"माझी दोन घे. डीकन हॉबर्ट, तुमचीही द्या तिला. नाहीतरी तुमच्या दोन मिनिटांच्या प्रार्थनेत आमचं जेवण थंड होतं."

बोलायला आलेली चर्चची सगळी रांग उठून आपापला वेळ तिला देऊन बसली. ओडेसा सभागृहाच्या मधोमध गेली आणि मूठ पाठीवर ठेवून उभी राहिली. शिपायाच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण पुन्हा लावलं गेलं. तीच मूठ, तीच मान. मागून कुणीतरी "हे देवा" म्हणालं. अध्यक्षांनी चष्मा काढला. "पटलं आम्हाला, बाई."

मग शिपायाचा वकील उठला. अगदी मऊ आवाजात.

"ही खूण चर्चबाहेरच्या माणसाला कळते?"

"नाही."

"मुलाला शिकवली कुणी?"

"मी."

"मग माझ्या अशिलाला ती कशी कळावी?"

"विचारायचं होतं त्यानं! माझा मुलगा मुका नव्हता!"

निकाल लागला. ट्रेव्हन निर्दोष. शिपायाचाही दोष नाही, कारण ती खूण कळणं त्याला शक्य नव्हतं. घडला तो दुर्दैवी गैरसमज. सोमवारपासून शिपाई कामावर.

बाहेर पायऱ्यांवर मोझेलनं तिचा हात धरला. "निदान पोराच्या नावावरचा डाग तरी गेला, सिस्टर."

"गेला." ओडेसा खालीच बसली. "रोज वाटायचं, घाबरून काहीतरी चुकलं असेल त्याचं. हात हलला असेल, मूठ घसरली असेल. आज मोठ्या पडद्यावर नीट बघितलं मी, मोझेल. काही म्हणजे काही चुकलं नव्हतं गं त्याचं."