चंद्रावरची हरकत

भिकूतात्यांना कुठलीही बातमी सांगा, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "कब्जा कोनाचा?" लोधिवलीचे हे अर्जलेखक आमच्या मामलेदार कचेरीबाहेर चिंचेखाली पत्र्याची पेटी मांडून बसत. मी आत आवक कारकून, तोही तेव्हा हंगामी.

माणूस चंद्रावर उतरला त्या आठवड्यात मी पेपर नाचवत त्यांच्याकडे धावलो. फोटो त्यांनी नाकाला लावला.

"झेंडा रोवला? म्हंजे कब्जाच की रं!"

"छे हो तात्या! करार झालाय. कुठल्याही देशाला चंद्र आपला म्हणता येत नाही."

"देशाला नाय. मानसाला? आनि हे दगड उचलले, ते कोनाला इचारून? गुरचरणातला गाडीभर मुरूम नेला तर तुमी आमाला दंड ठोकता ना?"

मी पेपरची घडी घालून आत सटकलो.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी तिकीट लावून अर्ज दिला. मी न वाचताच शिक्का मारून पोच दिली. अव्वल कारकुनांनीही 'जमिनीबाबत हरकत' एवढंच पाहून सवयीनं शेरा ठोकला: 'तलाठ्यांनी स्थळपाहणी करून अहवाल द्यावा.'

तलाठी कागद घेऊन घामाघूम धावत आले. अर्जात तात्यांनी लिहिलं होतं, हरकतीची जागा: चंद्र. चतुःसीमा: चारी बाजूंस आकाश. वहिवाट: तमाम जनतेची, विशेषतः चतुर्थीला उपाशी बसणाऱ्यांची!

मामलेदार रावसाहेब माझ्यावर गरजले, "उद्यापर्यंत अर्ज मागे, नाहीतर तुम्ही घरी!"

मी तात्यांचे पाय धरायचेच बाकी ठेवले. एरवी हसून बोलणारे तात्या या वेळी गंभीर झाले.

"माज्या बापानं लोकांच्या भिडेनं हरकत मागं घेतली. बांधाकडली चार गुंठं जमीन गेली ती गेलीच. नामंजूर झाली तर होऊ दे, मागं घेनार नाय." मग माझा चेहरा पाहून म्हणाले, "पन तुजी नोकरीबी जायची नाय. बोलाव तलाठ्याला."

तात्यांनी सांगितलं, तलाठ्यांनी लिहिलं: 'रस्ता नसल्याने जागेवर जाता आले नाही. लांबून पाहता कब्जेदार आढळला नाही. स्थळ हद्दीबाहेर असल्याने निर्णय देता येत नाही. सबब हरकत कायम ठेवून कागद दप्तरी दाखल करावा.'

रावसाहेबांनी दोनदा वाचलं, खोकल्याआड हसू लपवलं आणि सही केली. मी वाचलो!

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. परवा जुने गठ्ठे सोडताना तो कागद हाती आला. कोपरे वाळवीनं खाल्लेत, पण 'नामंजूर' कुठंही नाही. मी तो झटकला आणि गुपचूप चालू प्रकरणांच्या गठ्ठ्यात बांधून टाकला.