नको म्हटल्यावर काय होतं

२ फेब्रुवारी. उन्हाळी टोमॅटोच्या रोपांसाठी ट्रे भरायचं काम चाललं होतं. राजुरीत आमची रोपवाटिका आहे. या दिवसांत शेतकरी रोज चौकशीला येतात, आणि पेरणी मागं पडली की सगळ्यांची बोलणी खावी लागतात. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भिजवून नुकतं ताडपत्रीवर पसरलं होतं, तेवढ्यात मंचरहून भाच्याचा फोन आला. "मामी, आई गेली." माझे हात भरलेले होते म्हणून फोन स्पीकरवर होता, त्यामुळे कामाला आलेल्या सगळ्या बायकांनी ते ऐकलं. मी कोकोपीट झाकून ठेवलं, नवऱ्याला शेतातून बोलावलं आणि आम्ही निघालो. मंचरच्या अलीकडे कांद्याच्या ट्रकांची रांग लागली होती. त्या रांगेत अडकलेलो असताना माझ्या मनात आलं ते हे, की शेजारच्या ऋतुजाचं पुढं काय झालं ते आता आक्कांना कळणार नाही. रडू नंतर आलं.

आक्का म्हणजे माझी थोरली नणंद. मंचरला दिलेली. जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांतल्या आमच्या भावकीत कुणाच्या मुलीला स्थळ आलं, की बोलणी पुढं नेण्याआधी आक्कांना पाठवायचे. शेती किती, विहिरीला पाणी किती, पोरगा पितो का, हे पुरुष मंडळी बाहेरच्या बाहेर काढायची. घरातलं कळायचं ते आक्कांना. काहीतरी निमित्त काढून त्या त्या घरी जायच्या, चहा घ्यायच्या, मागच्या दारी हात धुवायला जायच्या आणि संध्याकाळी येऊन सांगायच्या, "सून बोलायच्या आधी सासूकडं बघती," किंवा "म्हाताऱ्याचं कुणी ऐकत न्हाई, पण त्याला पहिलं ताट मिळतं, म्हंजी माणसं वाईट न्हाईत." त्यांना लोकांविषयी दांडगं कुतूहल होतं. नुसतं बोलायला विषय हवा म्हणून नाही. एखादं घर आतून कसं चालतं हे त्यांना खरोखर जाणून घ्यायचं असायचं, जसं काहींना इंजिन उघडून बघायचं असतं.

या चौकशीत त्या एकदा चुकल्या, आणि ती चूक त्या स्वतःच सगळ्यांना सांगायच्या. घोडेगावच्या बाजूचं स्थळ होतं. मुलगी आमच्यातलीच, मालन. आक्का त्या घरी गेल्या तेव्हा त्यांना पित्त झालेलं होतं. एक कप चहा घेतला, दुसऱ्याला नको म्हणाल्या. सासू होणारी बाई काही ऐकेना. "आमच्यात असं चालत न्हाई, पावणं. घ्यावंच लागतं." वर पोहे आले. नको म्हटलं तर मुलानं स्वतः बशी उचलून आक्कांच्या हातात दिली आणि खाईपर्यंत समोर उभा राहिला. सगळे हसत होते. आक्काही हसल्या आणि खाल्लं. घरी येऊन सांगितलं, "माणसं लई अगत्याची हायेत." लग्न झालं. पहिल्या पंचमीला मालनचा भाऊ तिला आणायला गेला तर तिला पाठवेनात. मग आक्का गेल्या. त्याच बाईनं, त्याच गोड आवाजात सांगितलं, "आमच्यात असं चालत न्हाई." मालन दारात उभी होती आणि नवऱ्यानं तिचा दंड धरलेला होता. धरलेला म्हणजे आवळून नव्हे, नुसता धरलेला… बशी धरावी तसा.

दोन-अडीच वर्षांनी मालन माहेरी परत आली. आता तिचं मंचरला शिवणकामाचं दुकान आहे आणि ती तोंडानं फटकळ झाली आहे, आक्कांना ते फार आवडायचं. पण त्यानंतर आक्कांची चौकशीची रीत बदलली. कुठंही गेल्या तरी कशाला तरी एकदा नको म्हणायच्या. चहाला, जेवायला, मुक्कामाला. आणि मग बघत बसायच्या. "एकदा आग्रह करनं रीत हाय," त्या म्हणायच्या. "दुसऱ्यांदा करनं पन समजू शकतो. पन समोरच्यानं खरंच नको म्हनलंय हे ज्याला दिसतच न्हाई, त्या घरात पोर देऊ नये." यावरून दोन-तीन ठिकाणी भांडणं झाली. चांगली बागायत असलेलं स्थळ पोह्यांवरून मोडलं असं लोक म्हणायचे. आक्का म्हणायच्या, म्हणू देत.

पोरांचा विषय यात आला तो आमच्या रोपवाटिकेतून. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजच्या मुली ट्रे भरायला येतात, आणि भाऊबिजेला माहेरी आलेल्या आक्का त्यांच्यात जाऊन बसायच्या. हात चालू असले की तोंडं उघडतात. एकदा एका मुलीनं गमतीत विचारलं, "आक्का, तुम्ही आमच्या घरच्यांसाठी चौकशी करता. आमच्यासाठी पण करा की."

"कुनाची?"

सगळ्या खिदळल्या. ती लाल झाली.

"असला का कुनी," आक्का म्हणाल्या, "तर तुझी तू कर. माझ्यापेक्षा तुला जास्त दिसंल. फकस्त काय बघायचं ते इचार."

तिथून सुरू झालं. मला ते पटत नव्हतं. मी रात्री त्यांना म्हणाले, "आक्का, हे म्हणजे पोरींना रान मोकळं करून देणं झालं. फोन काढून घ्यावा आणि विषय संपवावा." त्या म्हणाल्या, "प्रेम करायला मी शिकवू? त्ये आधीच आलंय त्यांना. मी बघायला शिकवते. आपन लग्नाच्या आधी एवढी चौकशी करतो, आन पोर एखाद्याबरूबर तीन वरीस फिरती तवा कोन करतं?"

त्यांचे प्रश्न साधे होते. भांडण झालं की आधी कोण बोलतं? दर वेळी एकच जण? मित्रांच्या समोर तो तुझ्याशी कसा बोलतो आणि एकटं असताना कसा? तो आल्यापासून तुझ्या मैत्रिणी वाढल्या का कमी झाल्या? आणि शेवटी हमखास, "येकदा बारक्या गोष्टीला न्हाई म्हनून बघ. कारन देऊ नको. मग काय व्हतं ते मला येऊन सांग." उत्तर त्या देत नसत. तू त्याला सोड, असं त्यांनी कुणाला म्हटलेलं मी ऐकलं नाही. ओतूरची एक मुलगी सांगत होती, तिनं माळशेजला यायला नाही म्हटलं तर तो म्हणाला, बरं, मग पोरांना घेऊन जातो.

"दुसऱ्या दिवशी तोंड पाडलं व्हतं का?"

"नाही. फोटो दाखवले. कणीस आणलं होतं एक, ते गार झालेलं."

"आन तू कधी त्याला आडवतीस का? न्हाई म्हनला तर रुसतीस?"

मुलीनं ट्रेमधलं कोकोपीट दाबलं. मग म्हणाली, "रुसते थोडी."

"मग चौकशीत तू नापास हाय, तो पास," आक्का म्हणाल्या, आणि सगळ्या ताडपत्रीभर हशा पिकला.

मुलगेही यायचे, कमी. एकजण बापाबरोबर रोपं न्यायला आला आणि गाडी भरेपर्यंत आक्कांशी बोलत बसला. त्याला आवडणारी मुलगी त्याच्याशी बोलायची बंद झाली होती म्हणून तो रोज तिच्या क्लासबाहेर उभा राहत होता. त्याला ती निष्ठा वाटत होती. आक्कांनी त्याला रागावलं नाही. "तुला बघून ती हसती का?" एवढंच विचारलं. तो म्हणाला, ती मागच्या रस्त्यानं जाते. आक्का म्हणाल्या, "म्हंजी तुझ्यामुळं तिला लांबनं जावं लागतं." गाडी निघाली तेव्हा त्याचा चेहरा विचारात पडलेला होता. पुढं तो थांबला की नाही ते कळलं नाही. आक्का दर फोनवर विचारायच्या, त्या रोपंवाल्याचं काय झालं गं.

आता ऋतुजा. ती माझ्या चुलत जावेची, सुरेखाची मुलगी. घर शेजारीच. जुन्नरला अकरावीला आहे आणि कॉलेजच्या संघात कबड्डी खेळते. आमच्या भागात मुलीला कबड्डी खेळायला पाठवणं सोपं नाही, पण सुरेखानं नवऱ्याशी वाद घालून तिला पाठवलं होतं. संक्रांतीला आक्का आल्या तेव्हा ऋतुजा त्यांच्याजवळ बसून बरंच बोलली. जुन्नरचाच मुलगा, कॉलेज संपलेलं. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून ती कुठं आहे ते बघायचा. खेळाची चड्डी घालून मैदानात उतरते हे त्याला आवडत नव्हतं, म्हणून खेळ सोड म्हणत होता. ती सांगत होती, "काळजी करतो तो माझी." आक्कांनी तिला नेहमीचंच सांगितलं, एक नाही म्हणून बघ. निघताना मला म्हणाल्या, "पुढल्या महिन्यात येते. हिचं काय झालं ते आईकायचंय मला." ती आमची शेवटची भेट. निरोपाचं वगैरे काही बोलणं झालं नाही. पाटीत तिळाचे लाडू घालून दिले, ते जास्त गोड झाले होते असं त्यांनी फोनवर कळवलं, बस.

तेरावा झाल्यावर एका संध्याकाळी ऋतुजा रोपवाटिकेत आली आणि न सांगता ट्रे भरायला बसली. दोन ट्रे भरून झाल्यावर म्हणाली, "काकी, मी नाही म्हणून बघितलं."

"मग?"

"सरावाला होते म्हणून कॉल घेतला नाही. कारण पण सांगितलं नाही, आक्का म्हणाल्या होत्या तसं. रात्रभर मेसेज. आधी सॉरी, मग शिव्या, मग परत सॉरी. आता म्हणतो, उद्या सकाळी स्टँडवर येतो, गाडीवर बस, बोलायचंय. नाही बसलीस तर शिवनेरीवरचे आपले फोटो तुझ्या पप्पांना पाठवतो."

"कसले फोटो?"

"साधेच आहेत. शेजारी उभं राहून काढलेले. पण पप्पा कॉलेज बंद करतील, काकी. बारावी पण देऊ देणार नाहीत."

माझ्या ओठांवर दहा हुकूम आले होते. ते गिळले. विचारलं, "तुला काय पाहिजे?"

तिनं हातातला ट्रे बाजूला ठेवला. "कॉलेज पाहिजे. खेळायचंय. आणि त्याच्या गाडीवर बसायचं नाही."

मग मी तिला सांगितलं की फोटो त्यानं दाखवायच्या आत आपणच सांगायचं. घरी कळेल ही भीतीच त्याच्या हातात आहे. तीच काढून घ्यायची. मेसेज पुसायचे नाहीत. तिला घेऊन मी सुरेखाकडे गेले. सुरेखा भाकरी करत होती. ऐकून घेतलं आणि तवा उतरवला.

"फोन दे इकडं. उद्यापासून कॉलेज बंद. मामाकडं जा."

ऋतुजानं माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, "सुरेखा, त्या पोराला काय पाहिजे? हिनं खेळू नये, कुणाशी बोलू नये, विचारल्याशिवाय बाहेर पडू नये. तू आत्ता तेच करायला निघालीस. मग त्यानं फोटो पाठवले काय आणि न पाठवले काय."

सुरेखा माझ्यावर चिडली. "तुझी असती म्हणजे कळलं असतं." ते खरं होतं. चुलीतलं लाकूड तिनं उगाच मागंपुढं केलं. मग मुलीला विचारलं, "मारलंय का त्यानं तुला कधी?" ऋतुजा नाही म्हणाली. "खरं?" "खरं." सुरेखानं परत तवा ठेवला. "तुझ्या पप्पांना मी सांगते. आज जेवण झाल्यावर, माझ्या पद्धतीनं. आणि सकाळी हिच्याबरोबर काकी जाईल. मी गेले तर त्याचं तोंड फोडीन."

रात्री शेजारून आवाज येत होते. मोठे, मग बारीक. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सकाळी ऋतुजा दप्तर घेऊन बाहेर आली, डोळे सुजलेले. मागं तिचे वडील ओट्यावर उभे होते. मला म्हणाले, "वहिनी, पाच वाजता सराव सुटतो तिचा. मी आणायला जाईन." एवढंच. आम्ही एसटी पकडली.

जुन्नरच्या स्टँडवर तो गाडीवर बसून होता. दिसायला चांगला, शर्ट इस्त्रीचा. वाईट माणूस कसा दिसतो याची माझी जी काही कल्पना होती तिच्यात तो बसत नव्हता. मी दोन पावलं मागं थांबले. ऋतुजा पुढं गेली आणि म्हणाली, "मला नाही यायचं. आणि घरी सांगितलंय सगळं. पप्पांना पण."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "एवढ्याशा गोष्टीसाठी काकीला आणलंस होय?"

"एवढीशी आहे तर जा मग."

तो लगेच गेला नाही. गाडी चालू केली, बंद केली, तिचं नाव घेऊन काहीतरी हळू बोलला, परत सॉरी म्हणाला. ती तशीच उभी राहिली. शेवटी तो गेला. हे इथं संपलं असं मी समजत नाही. मेसेज येतील, कुठल्या तरी वळणावर तो दिसेल. म्हणून आम्ही आधी कॉलेजात खेळाच्या मॅडमना भेटलो, फोनवरचं सगळं त्यांना दाखवलं आणि पुन्हा त्रास दिला तर पोलिसांत जायचं हे तिघींनी ठरवलं.

हे सगळं होईपर्यंत तिच्या दुपारच्या सरावाची वेळ झाली होती. मला परतीची एसटी होती. ट्रे पडून होते, बायका वाट बघत असणार. मी एसटी जाऊ दिली आणि मैदानाच्या कडेला दगडावर जाऊन बसले. ऋतुजाला खेळताना आमच्या घरातल्या कुणीच कधी पाहिलं नव्हतं. ती रेड टाकायला गेली, तिघींनी धरली, आणि त्या तिघींना ओढत तिनं मधल्या रेषेला हात लावला. मी सुरेखाला फोन लावला आणि म्हणाले, "भाकऱ्या राहू दे. पुढची गाडी पकड आणि इकडं ये, तुझी पोरगी कशी खेळते ते बघ."