दोन फळ्या की एक

गुलमर्गचा वर्ग सुरू व्हायला नऊ दिवस होते तेव्हा माझं डावं मनगट मोडलं. शनिवारी संध्याकाळी सव्वासहा वाजता, करी रोडच्या एका व्यायामशाळेत, कबड्डीच्या मॅटवर.

वर्ग नवशिक्यांचा होता, चौदा दिवसांचा. अर्जात दोन चौकटी होत्या, स्की आणि स्नोबोर्ड. एकीवर खूण करायची आणि त्याच प्रकारासाठी डॉक्टरांचा दाखला जोडायचा. निवड बदलायची मुदत त्या शनिवारनंतरच्या सोमवारी दुपारी बारापर्यंत होती. अर्जदाराची पस्तीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत, अशी अट होती. माझी पुढच्या महिन्यात होणार होती.

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करते. पंधरा वर्षं कबड्डी खेळले, चढाई करणारी म्हणून, शेवटची काही वर्षं ही नोकरी सांभाळून. चार वर्षांपूर्वी उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, शस्त्रक्रिया झाली आणि परळच्या डॉक्टरांनी खेळ बंद केला. चालणं आणि पोहणं सोडून चार वर्षांत कशालाही त्यांनी होकार दिला नव्हता. म्हणून अर्ज घेऊन गेले तेव्हा दोन्ही चौकटी कोऱ्या ठेवल्या होत्या.

“स्की नाही,” डॉक्टर म्हणाले. “त्यात दोन पायांना दोन फळ्या. एक भलतीकडे गेली की सगळा पीळ गुडघ्यात येतो. तुमचा गुडघा तो घेणार नाही.”

“आणि बोर्ड?”

“दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले. गुडघा त्यामानाने वाचतो, मनगटं जातात. नवशिके पडताना हात टेकतात.” दाखल्यावर सही करण्याआधी त्यांनी विचारलं, “हात आत घेऊन पडता येईल ना?”

मी हो म्हटलं. या उत्तराला काही आधार नव्हता. तरी त्या दाखल्याची प्रत जोडून स्नोबोर्डवर खूण केली आणि निवड यादीत माझा क्रमांक आला.

आधार शोधायला त्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी संध्याकाळी व्यायामशाळेत गेले. तिथले प्रशिक्षक माझे जुने प्रशिक्षक. सगळ्या मुली त्यांना दादा म्हणतात. त्यांनी ओढणीने माझे दोन्ही घोटे बांधले आणि पाठीला धक्का दिला. बारा वेळा पडले. बाराही वेळा हात सरळ पुढे गेला, बोटं ताणलेली. पकडीत सापडलेली चढाईपटू असंच करते. शरीर खाली दाबलं गेलं तरी एक बोट मध्यरेषेला लागलं की ती वाचते. ते मला दादांनीच शिकवलं होतं.

“अगं, बर्फात मध्यरेषा नसते!” दादा ओरडले. “कोणाला पॉइंट देतेयस?”

“ताई, बोनस पण घेऊन टाका!” भिंतीला टेकून बसलेल्या मुलींमधून आवाज आला.

मी टॉवेलची गुंडाळी छातीशी धरून पडून पाहिलं. गुंडाळी होती तोवर हात आत राहिला. ती काढली की पुन्हा बाहेर. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. बुधवारी डिलाईल रोडच्या घरी आईने माझे लाल कोपर पाहिले. “जिनो उतरताना कठडो धरतंस,” ती म्हणाली, “आणि बर्फार घसराक चल्लंस?”

गुरुवारी मी स्कीचा दाखला मिळवण्यासाठी आणखी दोन डॉक्टर गाठले. पहिल्यांनी शस्त्रक्रियेचे कागद पाहून नाही म्हटलं. दुसऱ्यांपुढे मी शस्त्रक्रियेचा उल्लेखच केला नाही. त्यांनी सलवार गुडघ्याच्या वर घ्यायला सांगितली, व्रण पाहिला आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. शुक्रवारी ऑफिसच्या बाथरूममध्ये दार लावून वीस मिनिटं रडले. नंतर बाहेर येऊन पान दोन छपाईला सोडलं.

शनिवारी हात आत राहू लागला. गुंडाळीशिवाय, ओळीने सतरा वेळा. दादांनी ओढणी सोडायला घेतली.

“बास झालं. घरी जा आता.”

“दादा, एकदाच. मागून द्या, न सांगता. तिथे कोण सांगून पाडणार आहे?”

“नको गं.”

“मला पुढच्या वर्षी घेणार नाहीत, दादा.”

 दादा माझ्या मागे गेले. अठराव्या वेळी हात बाहेर गेला. हाडाचा आवाज भिंतीशी बसलेल्या मुलींनाही ऐकू गेला. दादा गुडघ्यांवर बसले आणि माझ्या पायांची गाठ सोडू लागले. त्यांना ती सुटेना.

परळला त्याच डॉक्टरांनी प्लास्टर घातलं. सहा आठवडे, म्हणाले.

“स्कीला तर हात टेकावा लागत नाही,” मी म्हटलं.

“काठ्या कशाने धरणार?”

“एका हाताने. एकच काठी घेईन.”

 डॉक्टरांनी बोर्डच्या दाखल्याची मूळ प्रत परत मागितली. मी पिशवीतून काढून दिली.

रविवारी उजव्या हाताने टाइप करून वर्ग घेणाऱ्या संस्थेला मेल पाठवला. मनगट मोडलं आहे, माझी जागा पुढच्या तुकडीत द्यावी, वयाची अट काही आठवड्यांपुरती शिथिल करावी, अशी विनंती केली. तोच मेल त्या दिवशी मी आणखी तीनदा पाठवला.

सोमवारी सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी उत्तर आलं. अट शिथिल करता येत नाही. दुपारी बारा वाजून पाच मिनिटांनी संकेतस्थळावरची यादी बदलली. स्नोबोर्डच्या रकान्यात माझ्या अर्जाच्या क्रमांकाच्या जागी प्रतीक्षा यादीतला पहिला क्रमांक होता.